'तेव्हा तसेच होते' : ऐतिहासिक मालिकांची सोयीस्कर सबब

१/ मालिकेत दहा-अकरा वर्षांची मुलगी बोहल्यावर चढते, सोवळ्यातली आत्या तिच्या हातची पाटी हिसकावून घेते आणि कोणी हरकत घेतली की उत्तर तयार असते : 'तेव्हा तसेच होते.' हे उत्तर इतिहासाच्या नावाने दिले जाते. म्हणून ते इतिहासाच्याच कसोटीवर तपासले पाहिजे.

२/ उदाहरण 'उंच माझा झोका'चे. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरची ही मालिका २०१२-१३ मध्ये झी मराठीवर गाजली. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. एका मुलीने अक्षर गिरवणे हासुद्धा लढा असतो, हे तिने रोज रात्री घराघरांत पोहोचवले. प्रश्न पुढचा आहे : तो लढा कोणाविरुद्ध होता?

३/ विवाह १८७३ चा. रमा ११ वर्षांची. माधवराव तिशी ओलांडलेले, बिजवर. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका बालिकेशी लग्न केले, आणि त्यांच्यावर त्या काळातच टीका झाली. म्हणजे 'तेव्हा'चे सुद्धा एकमत नव्हते.

४/ रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा जाच त्यात आहेच. पण पतीची नाराजी, त्यांचा अबोला आणि त्यापायी झालेली जिवाची घालमेलही आहे. शिकावे ही आज्ञाच होती. ती मोडण्याची सोय पत्नीला नव्हती. सुधारकाच्या घरातली ही सत्ता रमाबाईंनी नोंदवली. दैनंदिन मालिकेच्या साच्यात मात्र तो अबोला रुसव्याची गोड गोष्ट होऊन बसतो.

५/ हा साचा मुळात खर्चाच्या हिशेबातून येतो. वाड्याचा एक सेट उभारला की माजघर, स्वयंपाकघर आणि तुळशीवृंदावन यांवर शेकडो भाग निघतात. न्यायालय, सभा, छापखाना यांना गर्दी लागते, पैसा लागतो. त्यामुळे संघर्ष माजघरातच घडवावा लागतो आणि रोजच्या भागाला रोजची खलनायिका लागते. ती कोण? सासू, आत्या, आणि बहुधा केशवपन झालेली विधवा. जिचे केस उतरवले गेले, जिच्या अंगावर आलवण आले, जिला मंगलकार्यात तोंड दाखवण्याची बंदी झाली, तीच पडद्यावर पुरुषसत्तेचा चेहरा ठरते! आणि नवरा? तो कंदिलाच्या उजेडात पुस्तक उघडून बसलेला तारणहार. धर्मनिर्णय देणारे, वारसा ठरवणारे, अग्रलेख लिहिणारे पुरुष चौकटीबाहेरच राहतात. असल्या चित्रणाला भूतकाळाची चिकित्सा म्हणणे कठीण आहे. बाईच बाईची वैरी, या जुन्याच समजुतीला त्याने नऊवारी नेसवलेली असते.

६/ चौकटीबाहेर काय चालले होते? १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना थेट जाब विचारला. ११ व्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने मुंबईत दावा लावला आणि १८८७ मध्ये न्यायालयाने नांदण्याचा किंवा तुरुंगवासाचा पर्याय दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांची पत्रे त्यांच्या विरोधात उभी राहिली. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेण्याचा कायदा झाला, तोही प्रचंड विरोधात. हे सारे रमाबाईंच्याच हयातीत, त्यांच्याच मुंबई इलाख्यात आणि शेजारच्या वऱ्हाडात घडत होते. हे विरोधक वगळून दाखवलेला काळ वेशभूषेत अचूक असेल. इतिहास म्हणून तो अपुरा आहे.

७/ यावर काही निर्माते उलट टोक गाठतात : अठराव्या शतकातल्या नायिकेच्या तोंडी आजचे भाषण. तेही तितकेच खोटे. जणू त्या काळच्या स्त्रियांकडे फक्त धीटपणाचीच उणीव होती. कायदा, उपजीविका आणि जातीचा बहिष्कार यांचा जाच नव्हताच.

८/ 'प्रेक्षकांना हेच हवे असते' हा शेवटचा बचाव. त्यात तथ्य आहे, आणि तेच अस्वस्थ करणारे आहे. सोनी मराठीवरची 'सावित्रीजोती' २०२० च्या जानेवारीत सुरू झाली आणि वर्षाच्या आत संपली. अपुऱ्या प्रेक्षकसंख्येची चर्चा तेव्हा बरीच झाली. त्या कथेत छळ करणारे लोक भर रस्त्यात उभे होते, शाळेला निघालेल्या शिक्षिकेवर शेण फेकत. गर्भवती विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये काढलेले गृह तर थेट विचारत होते, या स्त्रियांवर ही वेळ आणणारे पुरुष कोण?

९/ लोकप्रिय ऐतिहासिक मालिकेतली नथ आणि नऊवारी लगेच दुकानांत येते. आलवणाची चौकशी करायला कोणी जात नाही.