फुकट जागेचं भाडं

ते रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. झाडाखाली उभी पांढरी मोटरहोम, दाराशी दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, कॉफीचे मग आणि वर मजकूर : आम्ही भाडं देत नाही, मालकाच्या जागेवर लक्ष ठेवतो. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर ते पडलं आणि अर्ध्या तासात 'ड्रीम जॉब, ड्रीम जॉब'चा पाऊस. त्यात एक थेंब माझाही होता. पुण्यात एका खोलीत तिघी, त्यात दर अकरा महिन्यांनी नवं ॲग्रीमेंट. अशा माणसाला 'भाडं नाही' एवढंच ऐकू येतं, पुढचं काही नाही.

पुढचं ऐकायला बसले ते असाइनमेंटसाठी. आता तुम्हीही ऐका.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, चाकांवरचं घर. स्वतः चालणारं किंवा गाडीमागे ओढायचं. बेड, शेगडी, फ्रिज, संडास सगळं आत. पण हे घर मुक्कामाला उभं केलं की तीन गोष्टी लागतात : वीज, पाण्याचा नळ आणि मैला सोडायला गटाराची जोडणी. अमेरिकेत याला 'फुल हुकअप' म्हणतात आणि कॅम्पग्राउंडवर त्याचे रोजच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. (मैल्याची टाकी रिकामी करतानाचं रील मला अजून एकही दिसलेलं नाही. असो.) केअरटेकरला जे 'फुकट' मिळतं ते मुख्यतः हेच, उभं राहायची जागा आणि तीन जोडण्या. घर त्याने स्वतःचं आणायचं.

ही पद्धत इन्स्टाग्रामच्या किती तरी आधीची. दुसऱ्याचं शेत, बंगला, रँच सांभाळण्याच्या कामांच्या जाहिराती छापणारं 'केअरटेकर गॅझेट' १९८३ पासून निघतंय. २००८ च्या मंदीनंतर मात्र या वाटेवर वेगळी माणसं आली. घर गेलेली, पेन्शनवर न भागणारी. जेसिका ब्रूडर यांचं 'नोमॅडलँड' (२०१७) त्यांच्यावरच आहे. त्यावरच्या क्लोई झाओच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो तुम्ही पाहिला असेल. नसेल तर पाहा. त्यातल्या बहुतेकांचे केस पांढरे आहेत. रीलमधल्यांचे नाहीत.

आता हिशेब करू. समजा, कॅम्पग्राउंडवरच्या जागेचं महिन्याचं भाडं ६०० डॉलर आहे. मालक म्हणतो, ते देऊ नका, आठवड्याला २० तास काम करा : गवत कापा, संडास धुवा, उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवा. महिन्याचे झाले साधारण ८७ तास. भागाकार करा, ताशी सात डॉलरही होत नाहीत. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. अनेक राज्यांत त्याहून बरंच जास्त. म्हणजे 'फुकट' जागेचं भाडं तुम्ही देताच आहात, फक्त तासांत देताय. आणि रात्री दोन वाजता कुणी दार ठोठावलं तर तो तास वहीत लिहायचा की नाही?

खरी गोम इथेच आहे. तिकडच्या नियमांनुसार मालकाच्या जागेवर राहणारा माणूस तिथे आहे म्हणून चोवीस तास कामावर धरला जात नाही. किती तास धरायचे ते दोघांनी वाजवी करार करून ठरवायचं. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याला 'हे आमचे स्वयंसेवक' म्हणून सुटता येत नाही, सरकारी उद्यानांना मात्र स्वयंसेवक ठेवता येतात. जागेची किंमतही काही अटींवर पगारात धरता येते. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. पण ज्याच्या अंगणात तुमचं घर उभं आहे, त्याच्याशी 'वाजवी करार' करताना तुमचा आवाज किती चढेल?

टेक्सासच्या तेलक्षेत्रातलं उदाहरण घ्या. दक्षिण टेक्सासमध्ये तेलविहिरींकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांच्या फाटकावर आरव्ही लावून जोडपी राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर, वेळ, ड्रायव्हरचं नाव लिहायचं. दिवसा एकाने, रात्री दुसऱ्याने. समजा, त्यांना दिवसाला १५० डॉलर मिळतात. ऐकायला भारी वाटतं. २४ तासांनी भागा, ६.२५ येतात. आणि नवरा-बायको एकाच घरात राहून एकमेकांना जेवतानाच भेटणार. कामगार खात्याने अशा एका कंपनीकडे ६० लाख डॉलरहून जास्त थकीत वेतन मागितलं होतं. खातं हरलं. हे लोक नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असं कोर्टाने धरलं. आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने तपासाच्या पद्धतीवरून उलट खात्यालाच झापलं. रखवालदारांना मोकळा वेळ भरपूर असतो, हा कंपनीचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता हेही खरं. पण तो वेळ फाटक सोडून कुठे घालवता येत नाही.

तरीही मी या लोकांना बिचारे म्हणणार नाही, कारण त्यांच्याकडे चाकं आहेत. मालकाशी पटलं नाही तर जोडण्या काढायच्या, पायऱ्या आत ढकलायच्या आणि निघायचं. नोकरी गेली तरी छप्पर सोबत येतं. दुसरी जागा मिळेपर्यंत उभं कुठे राहायचं हा प्रश्न उरतो, पण भांडी रस्त्यावर येत नाहीत.

आपल्याकडे बघा. अलिबाग-कर्जतच्या फार्महाउसवर राहणारं जोडपं, सोसायटीच्या जिन्याखाली राहणारा वॉचमन. कामाचं नाव तेच, चाकं नाहीत. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावात चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं की केअरटेकर, वॉचमन किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी जागेवर त्याचा हक्क तयार होत नाही, मालकाने मागितली की द्यायची. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तच आहे, नाहीतर कुणी कुणाला घराची किल्लीच देणार नाही. पण याचा सरळ अर्थ असा, की नोकरी आणि घर एकाच दिवशी जातं.

म्हणून अशी जाहिरात दिसली, तिकडची असो वा इकडची, तर फोटो नंतर बघा. तास किती, रात्रीचे धरलेत का, सुट्टीच्या दिवशी जागा सोडून जाता येतं का, आणि काम संपल्यावर जागा रिकामी करायला किती दिवस मिळतात, हे लेखी मागा. चौथा प्रश्न विचारायला सगळेच लाजतात.

मी राहते त्या बिल्डिंगचे वॉचमन काका पंपाशेजारच्या खोलीत काकूंबरोबर राहतात. पहाटे पाचला पाणी सोडतात, रात्री बाराला गेट लावतात. परवा त्यांना ते रील दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं.

"गाडी त्यांची स्वतःची का?"

"हो, काका."

"मग बरंय त्यांचं."

"हप्ते चालू असतील पण," मी म्हटलं.

तेवढ्यात वरची टाकी भरून वाहायला लागली आणि ते मोटर बंद करायला पळाले.