थकबाकी मागा, पण वेळेत मागा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कॉलेजांत आपल्यातले कित्येकजण शिपाई, लिपिक आहेत. राज्यातील विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकेतरांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये संप केला. त्यात सातव्या वेतन आयोगाच्या ५८ महिन्यांच्या थकबाकीची मागणी होती. असा सर्वांचा लढा संघटना लढते. पण आपल्या एकट्याची वेतनवाढ चुकली असेल, तर ती आपणच शोधायची. दरवर्षी सेवापुस्तक पाहा. चूक दिसताच लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. मात्र नुसत्या अर्जाने मुदत थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे, उशिरा कोर्टात गेल्यास साधारणपणे मागील तीन वर्षांचीच थकबाकी मिळते. त्याआधीचा घामाचा पैसा बुडतो.