डेन्मार्कच्या गोठ्यातला आपला पोरगा



आपल्या एका सभासदांचा पुतण्या डेन्मार्कात, जटलंड भागात, दूध-गोठ्यावर कामाला आहे. सुट्टीवर आला तेव्हा गट ऑफिसात तासभर बसला होता. त्याचं ऐकून हे चार शब्द लिहितो आहे.

सुमारे ६० लाख वस्तीचा हा देश. पण सहकारात घराणं जुनं. १८८२ साली पश्चिम जटलंडातील येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी डेअरी काढली. तिथल्या डेअऱ्यांत नियम रुजला तो असा, की गाई कितीही असोत, मत माणशी एकच. आपणास हे नवे नाही, निदान पोटनियमात तरी.

पोरगा सांगतो, मालकाला नुसत्या नावाने हाक मारायची, साहेब-बिहेब काही नाही. मालक स्वतः बूट चढवून शेण ओढतो. रस्त्याकडेला बटाटे, अंडी मांडलेली असतात, राखणीला कोणी नाही, पैसे आपले आपण डब्यात टाकायचे. किमान वेतनाचा कायदा त्या देशात नाही, पगार ठरतो तो मजूर संघटना आणि मालक यांच्या करारांतून. याच्याही हातात स्वतःच्या नावाचा लेखी करार आहे.

मी म्हटलं, "मग सुखी आहेस की!" तर गप्प झाला.

"काका, तीन वर्षं झाली, शेजारच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. हिवाळ्यात चारच्या आत अंधार. माणसं हसून मान हलवतात, पण घरी ये म्हणत नाहीत. अन् नोकरी गेली की राहायचा परवानाही धोक्यात."

कोणी म्हणेल, गोरे लोक थंडच. मला तसं वाटत नाही. शाळेपासूनच्या ओळखी, गावची मंडळं, यात नव्या माणसाला शिरकाव कुठून मिळावा? पण हिशोबात त्याला कोणी परका धरत नाही, हे तोच कबूल करतो.

निघताना त्याने विचारलं, "काका, आपल्या फडात बीडकडून येतात, त्यांना आपण कसे वाटत असू?"

उत्तर सुचेना. कुठल्या गटात को ८६०३२ आहे, खोडवा कितवा, हे मी झोपेत सांगेन. पण चार हंगाम येणाऱ्या टोळीतल्या एका बाईचं नाव परवा मला मुकादमाला विचारावं लागलं. उचल त्याच्याच वहीत, तोडलेल्या टनांचा हिशोबही तिथेच. चहा आपण देतो, तेही सगळे नाही.

माझं मत स्पष्ट आहे. येत्या हंगामापासून प्रत्येक कोयत्याला, नवरा-बायको दोघांच्या नावाने, उचल आणि टनेजची पावती कारखान्याने द्यावी. खर्च छपाईपुरताच. वार्षिक सभेत हा विषय निघेल तेव्हा सभासदांनी हात वर करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी