गळाला लागलेली रोहू

सहा दिवस कचेरीत आकडेमोड केली की रविवारी आम्ही भीमाकाठी गळ टाकून बसतो. खर्च फार नाही. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि कणकेच्या गोळ्या. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्या मानाने तरंगा सरकवायचा आणि गप्प बसायचे.

एका आषाढात मोठी रोहू लागली. धाकटी कन्या टाळ्या पिटू लागली. पण माशाचे पोट अंड्यांनी फुगलेले! हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साध्या तळ्यात घालत नाहीत. 1957 साली शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन ते साधले. पण नदीतल्या माशाला इंजेक्शन कोण देणार?

घरी कालवणाची वाट पाहत होते. आम्ही हात ओले करून गळ काढला, रोहू सोडून दिली.

"बाबा, आता जेवायला काय?" पोरगी रुसली.

"पिठलं."

आमचा तो विरंगुळा, पण काठावरच्या मच्छीमार बांधवांची ती भाकरी. तेव्हापासून पावसाळाभर आमचा गळ खुंटीला असतो. तुमचाही असू द्या.