या वयात दात कशाला?

आमच्या खालच्या जबड्यातल्या चार दाढांनी एकेक करून निरोप घेतला, तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही. पण त्यांच्या जागी नव्या बसवायच्या म्हटल्याबरोबर मात्र वादळ उठलं. "बाबा, या वयात?" चिरंजीव उद्गारले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. दीड लाखाचा आकडा त्यांनी फक्त दोनदा वाचला.

माझं वय एकाहत्तर. 'या वयात' ह्या दोन शब्दांशी माझं हाडवैर आहे. या वयात माणसानं मूग गिळून बसावं अशी सर्वांची अपेक्षा असते. दाढा नसल्यावर दुसरं करणार तरी काय? चावता येत नाहीत, म्हणून गिळायचे!

"मग कवळी वापरा की," असा सल्ला फुकट मिळतो. वर्षभर वापरली. बोलताना ती माझ्याआधी बोलते, आणि शेंगदाण्याचा एक कण खाली शिरला की ब्रह्मांड आठवतं. शिवाय दात गेला की त्याखालचं हाड काम नसल्यामुळे हळूहळू झिजतं आणि कवळी सैल होत जाते. रिकामपणानं झिजणं फक्त पेन्शनरांच्याच नशिबी नाही, एवढंच काय ते समाधान.

इम्प्लांटचं तसं नाही. जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवायचा. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं. मग वर दात. स्वीडनमधले ब्रोनेमार्क नावाचे गृहस्थ १९५०च्या दशकात सशाच्या हाडाचा अभ्यास करत होते. हाडात बसवलेलं टायटेनियमचं उपकरण नंतर निघता निघेना! दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. ह्यांनी १९६५ साली एका माणसाच्या जबड्यात तसलेच स्क्रू बसवले.

वयाचं मी डॉक्टरीणबाईंना स्पष्टच विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, मधुमेह आटोक्यात हवा, तंबाखू नको, हाड पुरेसं हवं. वयाची अट आहे, पण ती लहानांना. जबड्याची वाढ पुरी झाल्याशिवाय आम्ही बसवत नाही. तुमची झालीय ना?" मी छाती पुढे काढून 'हो' म्हटलं.

विम्याचं तर विचारूच नका. बहुतेक पॉलिशांच्या लेखी दात ही शरीराबाहेरची वस्तू. अपघातात पडले तर विचार करू. जन्मभर भाकरी चावून पडले तर तुमचं तुम्ही निस्तरा! आणि घरचे? नातीचे दात सरळ करायला तारा लावल्या, तेव्हा पैशाचं नाव कुणी काढलं नाही. माझी तक्रार नाही. पोरीचं हसू गोड दिसतं. पण दाखवायच्या दातांना पैसे आहेत आणि खायच्या दातांना नाहीत, हा कुठला न्याय? म्हाताऱ्या माणसानं मऊ भातावर भागवावं, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

हे सगळं भाषण मी रात्री जेवताना ताटावर मूठ आपटून केलं. चिरंजीव निरुत्तर. विजयी मुद्रेनं मी हिच्याकडे पाहिलं. ही दुधात भाकरी कुस्करत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, नऊ वर्षांपूर्वी माझ्या दाढा गेल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

मला आठवलं. शब्द दोनच होते. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती.

नऊ वर्षं ही बाई दुधात भाकरी कुस्करून खाते आहे आणि मी समजत होतो की तिला तशी आवडते!

शनिवारची वेळ घेतली आहे. आधी तिचा नंबर. इतक्या वर्षांत हाड झिजलं असेल तर आधी हाड भरावं लागेल, मग स्क्रू, खर्च वाढेल. वाढू दे. माझ्या दाढांचं नंतर बघू. तोवर मूग आहेतच.