वेगळे पाणी

१/ यावलहून तापी ओलांडली की भुसावळ. तेथून जळगावच्या वाटेवर भादली हे लहानसे स्थानक. ५ मे १९१८ रोजी तेथे रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. धरणगावात जन्मलेल्या या कवीला काही काळ पुत्रवत सांभाळणारे एक घर अहमदनगरला होते: रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. आज त्या घराकडे एका निराळ्या प्रश्नासाठी पाहू. एका ख्रिस्ती माणसाच्या आचरणाने दुसऱ्याची श्रद्धा कशी घडते, कशी ढळते?

२/ प्रश्न ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. पहिल्या शतकात करिंथ नगरीत मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून वाद पेटला. पौलाचा निर्वाळा असा: मूर्तीत काही नाही हे तुमचे ज्ञान खरेच; पण तुमच्या मोकळेपणाने दुबळ्या मनाचा बांधव अडखळत असेल, तर तो मोकळेपणा सोडा.

३/ टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ती वार्ता मागाहून कळली. ज्या निर्णयाने पतीचे मन निवले, त्याने पत्नीचे जग कोसळले. पुढची काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली. टिळकांची निष्ठा निर्मळ होती. तरी ही जखम त्यांच्याच हातची, हे मान्य केले पाहिजे.

४/ पुढे लक्ष्मीबाई नगरला परतल्या, त्या आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. पौलाचा उपदेश त्यांनी घरात आचरला, असे म्हणता येईल.

५/ पण येथेच खरा पेच आहे. नगरच्या ख्रिस्ती समाजात महार समाजातून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. विटाळ मागे टाकून ती चर्चमध्ये आली होती. त्यांच्यापैकी कोणी त्या घरी आला आणि वेगळे ठेवलेले पाणी त्याने पाहिले, तर त्याच्या मनाचे काय? दुबळा बांधव नेमका कोण: सोवळे सुटत नाही तो, की त्या सोवळ्याने आयुष्यभर दुखावलेला तो?

६/ माझे मत स्पष्ट आहे. सवय सुटायला वेळ देणे ही दया; परंतु अपमान सोसणाऱ्याला ‘थांब’ म्हणणे ही दया नव्हे. टिळकांच्या संयमाचे मोल दुसऱ्याच कोणाला तरी चुकवावे लागत होते.

७/ ही गाठ सोडवली लक्ष्मीबाईंनी. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सक्ती झाली असती, तर पाणी एक झाले असते. मन झाले नसते.

८/ त्याच घरात पुढे बालकवी राहिले, आणि हिंदूच राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

९/ १९१९ मध्ये टिळक गेले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या धर्माच्या वार्तेने त्यांचा संसार एकदा मोडला होता, त्याच धर्माचे महाकाव्य त्यांनी लिहून संपवले. धर्मांतराचा इतिहास वाचताना, मित्रहो, बाप्तिस्म्याच्या तारखेबरोबर घरातले पाणी कोठे ठेवले होते, हेही विचारीत जा.