तात्पुरत्या फायलींना वेगळी डिस्क हवी

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला की दरसाल १५ टक्के व्याज. हा हिशेब आता संगणकावर होतो. पावत्या गाववार लावताना मेज पुरले नाही तर कारकून त्या जमिनीवर पसरतो. पोस्टग्रेस डेटाबेसचेही तसेच. एका कामाला ठरवून दिलेली मेमरी (मुळात ४ एमबी) संपली की तो डिस्कवर तात्पुरत्या फायली मांडतो. डिस्क भरली, की बिले तिथेच अडली!

म्हणून या फायली दुसऱ्या डिस्कवर न्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्व्हर बंद करून त्यांचा फोल्डर हलवायचा व जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक, म्हणजे ‘तिकडे जा’ अशी पाटी लावायची, ही एक तऱ्हा. पण पाटी लावणारा नोकरी सोडून गेला, की मागच्यांना पत्ता लागत नाही. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून ‘टेम्प टेबलस्पेसेस’ ही रीतसर सोय आहे. तीही आतून लिंकच, पण तिची नोंद डेटाबेसपाशी राहते. आमचा कौल तिलाच. मात्र रॅमडिस्क नको. तिच्यापायी सगळ्याच डेटाबेसचा भरवसा जातो.

संचालक मंडळाने हे काम गळीत हंगामाआधी उरकावे.